कुलूप फोनवर, किल्ली कानात

मालूमावशीनं पासवर्ड कधी फोनवर सांगितला नाही. कागदावर लिहून दिला नाही, कुणाच्या हाती निरोप धाडला नाही. ती स्वतः यायची. चपला दाराबाहेर, पिशवी कोपऱ्यात, मग पाणी, मग चहा, मग औंदा भात कसा झाला याची चौकशी, आणि हे सगळं यथासांग उरकलं की घरातल्या कर्त्या बाईला हाताला धरून जवळ ओढायची, पदर आडवा धरायची आणि तिच्या कानात पासवर्ड सांगायची. ऐकता ऐकता ती बाई आधी लाजायची आणि मग फिस्सकन हसायची. बाहेर ओटीवर बसलेल्या पुरुषमाणसांना वाटायचं, आत काहीतरी भलतंच चाललंय.

मावशी कळंबची. माझी आई त्याच गावची, म्हणून ती माझी मावशी. एरवी रक्ताचं नातं काही नाही. सकाळी ती रिसॉर्टवाल्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची आणि उरलेला दिवस सोयरिकी जुळवायची. कर्जत, खालापूर दोन्ही तालुक्यांत तिनं जमवलेली जोडपी आहेत. पूर्वी तिच्या पिशवीत मुलामुलींचे फोटो असायचे. मग मोबाईल आला, बायोडाटे व्हॉट्सअॅपवर फिरायला लागले आणि मावशीचं डोकं फिरलं. "फॉरवर्ड म्हंजे गावजेवन गं," ती म्हणायची. "वाटेवरचा कोन बी येतो न् पानावर बसतो. पोरीच्या जातीचा फोटो असा वाढायचा असतो काय?"

तिला नवीन विद्या मिळाली ती रिसॉर्टवरच. मुंबईहून आलेली एक बाई चुलीपाशी भाकरी शिकायला बसली. भाकरी काही तिला जमली नाही, पण बोलण्याबोलण्यात कळलं की ती कुठल्याशा कंपनीत लोकांची माहिती सुरक्षित ठेवायचं काम करते. मावशीनं पीठ मळता मळता तिची उलटतपासणी घेतली. बाईनं सांगितलं, असं एक अॅप असतं की फाईल तुमच्या फोनवरच कुलूपबंद होते आणि मगच वर इंटरनेटवर जाऊन बसते.

"म्हंजे ज्याच्या घरात पेटी ठेवली, त्याला बी आत काय हाय ते दिसत नाय?" मावशीनं विचारलं.

"नाही दिसत. त्या कंपनीलासुद्धा नाही."

"आन् मीच किल्ली इसरले तर?"

"मग कुणीच उघडू शकत नाही."

"मंग झ्याक. शिकव मला."

भाकरीच्या बदल्यात ती ते अॅप शिकली. आणि शिकली कसली, त्यावर स्वार झाली! ज्या घरी स्थळ दाखवायचं, त्या घरापुरती वेगळी लिंक, तिला वेगळा पासवर्ड. फाईल फक्त बघायची, उतरवून घेता यायची नाही. "पानात वाढलंय ते खा," ती बजावायची, "डबा भरून न्यायचा नाय." पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर लिंक आपोआप बंद. फाईलींना माणसांची नावं नसायची, भाज्यांची असायची. कुणी शिराळं, कुणी घेवडा. कर्जत कोर्टातला एक वकील मुलगा होता, त्याचं नाव तिनं सुरण ठेवलं होतं, कारण विचारायची सोय नव्हती. कुणी शहाण्यानं म्हटलंच, की मावशी, पडद्याचा फोटो दुसऱ्या फोननं काढला तर, की ती म्हणायची, "म्हनून तर मी आधी घर बघते, मंग फाईल धाडते. कुलूप चोरासाठी असतं रं. घरच्या मानसाची पारख आपल्यालाच करावी लागते."

आता माझं सांगते. मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, राहायची खालापूरला. माझं पहिलं लग्न मोडलं. ऑपरेशन झालं, गर्भाशय काढावं लागलं, आणि सासरच्यांनी मला चार दिवस विश्रांतीला म्हणून माहेरी आणून सोडलं ते पुन्हा न्यायला आलेच नाहीत. पुढे एका मध्यस्थानं, मावशी नव्हे, दुसऱ्याच एका भल्या गृहस्थानं, माझ्यासाठी स्थळ बघायचं म्हणून ही सगळी हकिगत माझ्या फोटोखाली टाइप केली आणि ग्रुपवर सोडून दिली. एक दिवस कँटीनमध्ये उसळ वाढून घेत होते, तर मागून पॅकिंगमधला एकजण मोबाईल पुढे करून म्हणाला, "मॅडम, ह्या तुम्हीच ना?" माझं ऑपरेशन, माझा फोटो, खाली कुणीतरी टाकलेला हात जोडल्याचा इमोजी. मी ताट तिथंच ठेवलं. घरी येऊन आईला सांगून टाकलं, पुन्हा माझ्या लग्नाचं नाव काढशील तर बघ.

आईनं नाव काढलं नाही, तिनं मावशीला बोलावलं.

मावशी आली, चहा प्यायली आणि थेट म्हणाली, "तुला लगीन नको हाय का तमाशा नको हाय?"

मी म्हटलं, "तमाशा."

"मंग तसं बोल ना बाय! येवढी चांगली पोर घरात मिठाला लावून ठेवायची?"

मी हसले. खूप दिवसांनी हसले असणार, कारण आई आतून बघायला आली. मग मावशीनं मला माझी हकिगत माझ्या हातानं, माझ्या शब्दांत लिहायला लावली. कुणाचा हात जोडल्याचा इमोजी नाही, बिचारी वगैरे नाही. ती फाईल माझ्यासमोर कुलूपबंद केली आणि तिचं नाव ठेवलं पडवळ.

"पडवळ का?" मी जरा दुखावूनच विचारलं.

"लांब हायस म्हनून. आन् कोनाला वाटनार बी नाय, पडवळात येवढं काय असंल."

पासवर्ड मात्र तिनं मलाही सांगितला नाही. तो प्रत्येक घरासाठी ती नवा रचायची आणि फक्त त्या घरच्या बाईला सांगायची. एवढंच कळलं होतं, की तिचे सगळे पासवर्ड म्हणजे अख्खेच्या अख्खे उखाणे असतात. त्या मुंबईच्या बाईनं सांगितलं होतं ना, पासवर्ड लांबलचक हवा आणि लक्षात राहायला हवा. मावशी म्हणाली, आमच्या बायकांच्या लक्षात उखान्याइतकं दुसरं काय राहतंय! आता कळलं ना, त्या बायका का लाजायच्या ते?

माझी फाईल गेली पळसदरीला, यमुनाबाईंच्या घरी. मुलगा श्रीधर, चाळिशीला टेकलेला, रोपवाटिका चालवणारा, लग्नाचं वय आंब्याची कलमं बांधण्यात घालवलेला. मावशी जाऊन चहा पिऊन, कानात किल्ली सांगून आली. आठवड्याभरात यमुनाबाईंचा निरोप आला: मुलगी पसंत आहे, घरी कधी येता?

काय सांगू मला काय झालं ते! त्यांनी वाचलं होतं. सगळं वाचून पसंत म्हणाले होते. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची तपासणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा आकडा लिहायला विसरले. पुढच्या रविवारी आम्ही पळसदरीला गेलो. पोहे झाले, श्रीधरनं रोपवाटिका दाखवली. तो फार बोलला नाही, पण मी सोनचाफ्यापाशी थांबले तर तोही थांबला. यमुनाबाई माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. इतक्या मोठ्या मनाची माणसं जगात असतात, आणि ती मला मिळतायत, या आनंदात मी तरंगत होते. रथसप्तमीनंतर बैठक बसवायचं ठरलं.

रथसप्तमीच्या दोनच दिवस आधी कँटीनमध्ये संदेश माझ्यासमोर येऊन बसला. संदेश आमच्या स्टोअरमध्ये असतो, पोरगा सरळ आहे. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कंप्युटरमधलं कळतं. जरा बघा ना, ही फाईल उघडेना झालीय."

मोबाईलवर फाईलीचं नाव होतं: पडवळ.

"कुणाची आहे?" मी विचारलं. आवाज कसा काढला, माझं मला माहीत.

"आमच्या पळसदरीच्या मामीनं टाकलीय नातेवाइकांच्या ग्रुपवर. श्रीधरदादासाठी मुलगी बघितलीय, तिची आहे म्हणे. मामीला परत उघडेना, म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं, कुणाला उघडते बघा. आणि गंमत सांगू? पासवर्ड पण सगळ्यांकडे आहे! मामीनं काल हळदीकुंकवाला नाव घेताना तोच उखाणा घेतला, आणि हाच पासवर्ड म्हणून सांगूनही टाकलं. व्हिडिओ बघा, हसून हसून मराल."

आणि त्यानं व्हिडिओ लावला. भरलं घर, तिळगूळ, वाण म्हणून दिलेल्या चहाच्या गाळण्या, आणि मधोमध यमुनाबाई, तोंडाला पदर लावून:

"उल्हास नदीच्या काठी बगळ्याला लागला चष्मा,
जनार्दनरावांच्या गोठ्यात म्हशीचं नाव रेश्मा!"

बायकांचा असा हशा उठला की व्हिडिओ हलला. कुणीतरी ओरडलं, पुन्हा घ्या, पुन्हा घ्या. त्यांनी पुन्हा घेतला! माझ्या आयुष्याची किल्ली अख्ख्या पळसदरीच्या बायका टाळ्या वाजवत पाठ करत होत्या.

फाईल अजून उघडली नव्हती खरी, पण एकानं जरी तो नीट टाइप केला की संपलं. मी संदेशला म्हटलं, बघते नंतर, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मावशीला फोन लावला, बंद. लागेल कसा? भाकऱ्या थापताना ती फोन बंद करून फळीवर ठेवायची. लिंक बंद करायची तर मालकीणच हवी. मग काय, स्कूटर काढली. चौक गाव गेलं, कर्जत गेलं, कुठल्या खड्ड्यात आपटले कुठल्या नाही देव जाणे. वाटेत एक टेंपोवाला ओरडला, "ताई, लगीन हाय का काय?" मी मनात म्हटलं, होतं रे बाबा, होतं.

कळंबला पोचले तर मावशी चुलीपुढे. मी दारातूनच ओरडले, "मावशी, लिंक बंद कर! ग्रुपवर पडलीय! उखाणा सगळ्या गावाला माहीत झालाय!"

"कंचा उखाना?" ती शांतपणे भाकरी उलटत म्हणाली.

मी श्वास लागलेल्या अवस्थेत उभ्या उभ्या तो उखाणा म्हटला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जनार्दनराव, म्हैस, रेश्मा, सगळं. मावशी ऐकत राहिली, मग तिनं कपाळावर हात मारला, कपाळ पिठानं पांढरं झालं, आणि ती हसायला लागली. अशी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

"तिनं जनार्दनराव घेतलं?" ती म्हणाली. "अगं बाय माजी! मी तिला दगडूराव सांगितलं होतं!"

"हे दगडूराव कोण?"

"कोन नाय! जल्मलाच नाय अजून. मी मुद्दाम घालते असं नाव. आता तूच सांग, कुटची बाई चारचौघींत दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव घेईल? जीभ झडली तरी नाय घ्यायची. घेतला उखाना की तिच्या नवऱ्याचंच नाव यायचं. गाव किती बी पाठ करू दे, कुलूप उघडायचं नाय!"

मी तिथंच पाटावर बसले. हसू की रडू कळेना, दोन्ही चालू होतं. मावशीनं हात पुसून फोन सुरू केला. पिठाच्या बोटानं तो उघडेना, तिनं बोट लुगड्याला खसाखसा पुसलं. अॅपमध्ये चुकीच्या पासवर्डांची ही रांग लागली होती. ग्रुपवरच्या प्रत्येकानं रेश्मा म्हशीला हाक मारून पाहिली होती. मावशीनं आधी लिंक बंद केली, मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"बघ, एकाला बी उघडली नाय. कंदीच कोनाला उघडली नाय."

"कधीच म्हणजे?"

आमच्या दोघींचं हसू एकदमच थांबलं. कधीच नाही, म्हणजे यमुनाबाईंनाही नाही. श्रीधरलाही नाही. मग पसंत म्हणाले ते काय वाचून?

मावशीनं पळसदरीला फोन लावला, स्पीकरवर. यमुनाबाई आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग एकदम रडवेल्या झाल्या. "मालूताय, खरं सांगते, मला उघडलीच नाय. तुमी दगडूराव सांगितलंत, पन माज्या तोंडी दगडूराव काय येईना, बोटात बी येईना. आमच्या यांचं नाव घालून बघितलं, तवा बी नाय उघडली. तुमाला कसं सांगू, मी आडानी म्हनाल. म्हटलं, मालूतायनी घर बघून धाडलेली पोर हाय, तीत काय खोट असनार? दिलं पसंत म्हनून सांगून."

"आता बी उघडली नाय ना?" मावशीनं विचारलं.

"नाय ओ."

"बरं. थांब जरा," म्हणून मावशीनं फोन पदरात दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा पिठानं माखलेला, पण डोळे अगदी गंभीर. "गैरसमजात पोर द्यायची माजी पद्धत नाय. नवी लिंक करते, नीट किल्ली देते, वाचू देत. नाय तर..."

"नाही तर मी सांगते," मी म्हटलं. आतून आलं ते. "मी माझ्या तोंडानं सांगते."

"भ्या वाटंल."

"वाटतंयच."

"मंग जा," ती म्हणाली. "भाकरी खा आधी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पळसदरीच्या धरणावर श्रीधर आला, पायाला चिखल, सदऱ्याच्या खिशात बहुधा कलमाचा चाकू. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एक धड आठवेना. मग सरळ सांगितलं. ऑपरेशन झालंय. मूल होणार नाही. पहिल्या घरानं आणून सोडलं. कँटीनचंही सांगितलं. ऐकताना तो पाण्याकडे बघत होता, आणि माझं मन म्हणत होतं, आता हा घड्याळ बघेल, आता म्हणेल आईशी बोलून सांगतो.

"मूल हवं होतं मला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. आज घरी जाऊन वाईटही वाटेल. पण म्हणून मी इथून उठून जाईन, असं काही नाही." मग पायावरचा चिखल खरवडत म्हणाला, "माझंही एक सांगायचं राहिलंय. बायोडाटात घातलेलं नाही."

माझा जीव पुन्हा टांगणीला.

"मी घोरतो. साधं नाही. शेजारच्या फार्महाऊसवरचे पाहुणे एकदा अर्ध्यातून मुंबईला निघून गेले. त्यांना वाटलं बिबट्या आहे."

मी हसायला लागले ती थांबेचना. धरणाच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली जोडपी वळून बघत होती, बघोत.

श्रीधरनं घरी सांगितलं, आईवडिलांना, त्या दोघांनाच. यमुनाबाई एक दिवस जेवल्या नाहीत, हेही मला नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवल्या आणि जनार्दनरावांना घेऊन आमच्याकडे खालापूरला आल्या. बैठक झाली. सुपारी फुटली. मावशी कोपऱ्यात पाय पसरून बसली होती, तिनं मला हाक मारली. लग्न ठरलं की ती फाईल उडवायची, आणि उडवायची तीही मुलीसमोर.

"बघ," ती फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "इचारतंय, खात्री हाय का? म्हनतंय, परत मिळायची नाय. माज्या खात्रीवर चालायचं नाय हे. तूच दाब."

मी दाबलं. पडवळ गेलं.

मावशी गेली मागच्या भाद्रपदात, भाकऱ्या उरकून, जरा पडते म्हणून पडली ती उठलीच नाही. तेराव्याला कळंबला तिचं घर बायकांनी भरलं होतं. ज्यांच्या घरच्या सोयरिकी अजून जुळायच्या होत्या, त्या प्रत्येकीचं काहीतरी तिच्या फोनात होतं आणि प्रत्येकीला आत कुठंतरी तीच धास्ती. तिच्या मुलानं सांगून टाकलं, आईचं ते अॅप काही कुणाला उघडत नाही, उघडणारही नाही. बायकांनी डोळ्याला पदर लावले. गेली त्याचं दुःख होतं, आणि सुटकाही होती, खोटं कशाला बोला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. तर मी बोलायला लागले. माझं ऑपरेशन, माझी फाईल, चौकापासून कळंबपर्यंतचे खड्डे, दगडूराव, रेश्मा, सगळं, त्या ओळखीच्या आणि अनोळखी बायकांसमोर, मोठ्यानं. कुणी मला विचारलं नव्हतं. बायका आधी पदरात हसल्या, मग उघड हसल्या, आणि तेराव्याला एवढं हसू नये गं, असं सगळ्यांना दटावत माझ्या सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या.